‘त्वचेचा अडथळा’ की ‘त्वचेचा बांध’?

प्रश्न : गर्भाच्या त्वचेविषयीचा मजकूर मराठीत आणताना ‘स्किन बॅरिअर’पाशी अडलो आहे. ‘अडथळा’ म्हटले की वाटेतली नकोशी वस्तू आठवते, ‘अवरोध’ म्हटले की पोटाची तक्रार. ‘कवच’ चालेल का?

उत्तर : ‘कवच’ बाहेरच्या माऱ्यापुरते ठीक आहे; परंतु त्वचेच्या या सर्वांत वरच्या थराचे पहिले काम आतले पाणी आत ठेवणे हे असल्यामुळे मला ‘बांध’ अधिक नेमका वाटतो. चोविसाव्या आठवड्याच्या आसपास जन्मलेल्या बाळाची त्वचा तांबूस, चकचकीत आणि इतकी पातळ असते की खालच्या शिरा दिसतात, आणि लावलेली चिकटपट्टी काढताना तिच्याबरोबर त्वचाही निघू शकते. तिच्यातून पाणी सतत उडून जात असल्यामुळे अशा बाळाच्या काचेच्या पेटीतली हवा मुद्दाम दमट ठेवतात. कवच नाही म्हणून नव्हे, बांध धरलेला नाही म्हणून.

हा बांध म्हणजे बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा ‘शृंगस्तर’. ‘शृंग’ हा शब्द कोशकारांनी उगाच घेतलेला नाही : या थराच्या ‘स्ट्रॅटम कॉर्नियम’ या शास्त्रीय नावातला ‘कॉर्नियम’ हा लॅटिन शब्द आणि ‘केराटिन’ या त्वचा-केस-नखांतल्या प्रथिनाच्या नावामधला ग्रीक शब्द, दोन्हींच्या मुळाशी शिंगच आहे. मृत, चपट्या पेशी हे त्याचे दगड, आणि त्यांच्यामधल्या दरजा बुजवतात ती सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले ही स्निग्ध द्रव्ये.

क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाच्या सात त्वचा तापणाऱ्या दुधावरच्या सायीप्रमाणे तयार होतात असे म्हटले आहे. थरांची संख्या आज कोणी तशी मानत नाही, पण उपमा सुरेख आहे, कारण सायीप्रमाणेच शृंगस्तरही हळूहळू ‘धरतो’. सुरुवातीला एकपदरी असलेली बाह्यत्वचा पुढे अनेकपदरी होते. केसांच्या मुळांबाहेरच्या त्वचेत शृंगस्तर साधारण बाविसाव्या ते चोविसाव्या आठवड्यात दिसू लागतो आणि चौतिसाव्याच्या सुमारास तो बराचसा पक्व होतो. म्हणून ‘बांध तयार झाला’ असे एका ठोक्यात लिहू नये.

पुरवणी प्रश्न : तोवर गर्भजलात त्वचेचे रक्षण कोण करते? गर्भाच्या त्वचेवरच्या तात्पुरत्या पदराला, म्हणजे ‘पेरिडर्म’ला, काय म्हणावे?

उत्तर : मी ‘गर्भकात’ म्हणेन. शब्द माझा आहे, रूढ नाही. पण हा तात्पुरता पदर खालचा शृंगस्तर धरू लागताच सुटून गर्भजलात मिसळतो, म्हणजे गर्भ शब्दशः कात टाकतो. अखेरच्या तिमाहीत अंगावर येणारा पांढरा, लोण्यासारखा थर मात्र निराळा : त्यात सुमारे 80 टक्के पाणी, आणि उरलेल्यात स्निग्धांश व प्रथिने जवळपास सारखीच असतात. त्याला ‘मळ’ म्हणणे अन्यायाचे होईल, ‘गर्भलेप’ बरा.