मदत हवी आहे : शेतीतला कार्बन डायऑक्साइड नेमका कुठे धरतात?

मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी भारताच्या शेतीतल्या उत्सर्जनाचा १९६१ पासूनचा ग्राफ काढतोय आणि पार डोकं फिरलंय. एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) डेटात शेती म्हटलं की मुख्यतः मिथेन नि नायट्रस ऑक्साइड, म्हणजे गुरांचं रवंथ, भाताची खाचरं, खतं, शेण वगैरे, आणि मला हवाय तो फक्त कार्बन डायऑक्साइड कुठेतरी कोपऱ्यात. युरियाचा हिशोब जमला, आयपीसीसीच्या (हवामानबदलावरचं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ मंडळ) डीफॉल्ट गुणकाने ४५ किलोच्या एका गोणीमागे साधारण ३३ किलो निघतो (आमच्या पडवीत गोण्यांची थप्पी आहे, आता तिच्याकडे वेगळ्याच नजरेने बघतो). पण पंपाची वीज नि ट्रॅक्टरचं डिझेल ऊर्जा क्षेत्रात धरतात ना, मग हरितक्रांतीनंतर बोअरवेली वाढल्या त्याचा चढ शेतीच्या रेषेत दिसणार कसा? त्यात परत २०२१ च्या सरकारी अहवालात मिथेनचा गुणक (कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तापवतो तो आकडा) २१ आणि एफएओकडे २८, मग दोन्ही एकाच ग्राफवर टाकू की नको? कोणी अशी जुनी मालिका जुळवली असेल तर सांगा राव, सोमवारी गाईडना दाखवायचंय.