सणासुदीचा घरखर्च : गणपती ते भाऊबीज तुम्ही कसं निभावता? (अनुभव धागा)

2025 मध्ये गणपती 27 ऑगस्टला बसले आणि लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला आलं. 2026 मध्ये अधिक मासामुळे त्याच तारखा 14 सप्टेंबर आणि 8 नोव्हेंबर. पंचांग एवढं सरकलं, तरी मधे पगार दोनच. त्यात आरास, गौरीचं जेवण, नवरात्र, दसऱ्याचं सोनं, फराळ, कपडे, पोस्त, ओवाळणी. घराचा हप्ता आणि शाळेची फी असतेच. 2025 ची दिवाळी पगाराच्या आधी आली, तेव्हा हात आपोआप आखडला. 2026 ची पगाराच्या पाठोपाठ येते, म्हणजे हात सैल सुटणार आणि पुढचे तीन आठवडे ओढाताण. मला विचाराल तर फराळापेक्षा देणंघेणं आणि हप्ते जड जातात, कारण त्यांची बेरीज आधी कुणी करत नाही. ठाणे-नवी मुंबईच्या मंडळींनी आपापलं लिहावं. प्रत्यक्षात काय करता ते हवंय.
– नौपाडा, ठाणे

कोपरखैरणे
आमच्या मजल्यावरची चार घरं मिळून तुर्भ्याच्या एपीएमसीतून सामान भरतो. दाणाबंदरात रवा, साखर, चणाडाळ, पोहे. मसाला मार्केटात सुकं खोबरं, काजू, वेलची. जातो ते पितृपक्षात. पुष्कळ लोक त्या पंधरवड्यात खरेदी टाळतात, त्यामुळे माल हातात घेऊन बघायला सवड मिळते. पातळ पोहे मुठीत दाबून पाहायचे, फार चुरा पडला तर ते पोतं सोडून द्यायचं. खोबऱ्याची वाटी नाकाजवळ नेली की खवटपणा लगेच कळतो. चिवड्याला अख्खे काजू घेऊ नका. पाकळी घ्या, चवीत काही फरक नाही आणि दरात चांगलाच आहे. घरी आल्यावर जमिनीवर जुनी चादर अंथरून वजनकाट्यावर चार वाटे करतो, रिक्षाचं भाडंही चौघींत. रवा त्याच दिवशी कोरडा भाजून डब्यात, मग त्याला कीड धरत नाही. तेलाचा 15 लिटरचा डबा मात्र आम्ही बंद केला. घरात तेल जास्त असलं की दिवाळीनंतरही तळण चालूच राहतं, आणि स्वस्तात घेतलेलं महागात पडतं.

घोडबंदर रोड
मी 'बिनव्याजी हप्त्यां'बद्दल लिहितो, कारण आमच्या सोसायटीत दर दिवाळीला यावर चर्चा होते. व्याज असतंच. ते सवलत म्हणून किमतीतून वजा करून दाखवतात, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुमच्या कार्डावर पडतो, वर प्रोसेसिंग फी. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना अशा शून्य टक्क्यांच्या योजनांबद्दल बजावलं होतं. दुकानात शिरल्यावर आमचा पहिला प्रश्न एकच: रोख घेतलं तर केवढ्याला? तो आकडा ऐकला की हप्त्याची खरी किंमत कळते. 22 सप्टेंबर 2025 पासून एसी आणि मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, ही खरी बचत. पण स्वस्त झालं म्हणून गरज नसलेली वस्तू घेणं मला पटत नाही. जुना हप्ता फिटल्याशिवाय नवा नाही, यावर आम्ही दोघं ठाम आहोत.

रबाळे एमआयडीसी
बोनसबद्दल थोडक्यात. कायद्याने किमान 8.33 टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, आणि जास्तीत जास्त 20. तो हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यायचा असतो, म्हणजे मार्चअखेर धरली तर 30 नोव्हेंबरपर्यंत. दिवाळीच्या आधीच मिळेल असं कुठे लिहिलेलं नाही. माझ्या एका जुन्या ठेकेदाराने दिवाळी उलटल्यावर दिला होता. खात्यात पडेपर्यंत आम्ही बोनस धरतच नाही. पडला की आधी मुलीची दुसऱ्या सत्राची फी.

ऐरोली
मी पोळ्यांची कामं करते. मुलीने टाइप करून दिलंय. दिवाळीला काही घरी एक पगार मिळतो, काही घरी अर्धा, काही घरी साडी. साडी प्रेमाने देतात, मी नेसतेही, पण वाण्याची उधारी साडीने फिटत नाही. आणखी एक सांगते. द्यायचं ते वसुबारसेच्या आधी द्या. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हातात आलेल्या पैशांचा फराळ होत नाही. 2022 च्या दिवाळीला रेशनवर शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल असं एकेक किलो-लिटर आलं होतं, त्या वर्षी करंज्या उधारीशिवाय झाल्या. आता आमची भिशी आहे, महिन्याला हजार. दिवाळीच्या महिन्याचा नंबर सगळ्यांनाच हवा असतो, म्हणून तेवढी एक चिठ्ठी काढत नाही. त्या वर्षी जिच्या घरी आजारपण किंवा काम सुटलेलं असेल, तिला तो नंबर. यावरून आजवर भांडण झालेलं नाही.

नेरुळ
आमचा गणपती राजापूरकडे, गावच्या घरी. खर्च नैवेद्याचा नाही, येण्याजाण्याचा. रेल्वेचं आरक्षण आता 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, त्यामुळे जुलैतच सगळ्या भावांच्या तारखा ठरवून घेतो, जायच्याही आणि परतीच्याही. परतीचं राहिलं की खासगी बसवाल्याच्या तोंडाला येईल तो भाव. मूर्ती, भटजी, जेवणं यांची वर्गणी भावाभावांत सारखी नाही. ज्याची कमाई जास्त तो जास्त घालतो, आणि वहीत फक्त एकूण रक्कम लिहितो. कुणी किती दिले ते लिहायचं नाही, हे आजीने घालून दिलंय.

कोपरी, ठाणे पूर्व
एका भावाची नोकरी गेली, त्या वर्षी तो भाऊबीजेला आलाच नाही. 'कामं आहेत' म्हणाला. खरं कारण आम्हा बहिणींना कळत होतं. तेव्हा मोठ्या ताईने सगळ्यांना फोन करून सांगितलं, ओवाळणी प्रत्येकाची 101 रुपये, कमी नाही, जास्त नाही, आणि बहिणींकडूनही शर्टपीस बंद. पुढच्या वर्षी तो आला, पोरांना घेऊन. हे भावंडांत जमलं. माझा प्रश्न पुढचा आहे. यंदा धाकट्या मुलीचा पहिला दिवाळसण. जावयाला काय द्यायचं याबद्दल व्याह्यांशी आधीच मोकळेपणाने बोललेलं कुणी आहे का इथे? विषय कुणी काढला, तुम्ही की त्यांनी?