मदत हवी आहे: सासूबाईंना लघवीला जळजळ, दापोलीत रविवारी लॅब उघडी असते का?

बोंडू (रविवार, स. 7:40)
सासूबाईंना तीन दिवस लघवीला जळजळतंय. दर दहा मिनिटांनी उठतात, होतात चार थेंब. धण्याजिऱ्याचं पाणी, शहाळी, कोकम सगळं देऊन झालं. दापोलीत लघवीचं कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) करणारी लॅब आज उघडी मिळेल का? तेवढंच सांगा. घरगुती उपाय नकोत.

आबा खाडीवाले
ह्याला उन्हाळी लागणे म्हणतात. पायाच्या दोन्ही अंगठ्यांना चुना लावा, माठात वाळा टाकून ते पाणी द्या. संध्याकाळपर्यंत उतार पडतो. आमच्या वेळी कुठल्या होत्या लॅबा?

रानजाई
आबा, शेवटची ओळ वाचलीत का? बोंडू, वय किती? ताप? साखर आहे? आधी काही गोळ्या दिल्यात का?

पानफुटी
मुतखडा असणार. पानफुटीची दोन पानं अनशापोटी चावून खायला द्या, आठ दिवस. माझा 6 मिमीचा पडला.

बोंडू
मुतखडा नाहीये. वय 64. लॅबचं सांगा ना कोणीतरी!

पानफुटी
सोनोग्राफी केलीत? मग नाही कशावरून?

सिस्टर मंडणगड
22 वर्षं सरकारी नोकरीत आहे, म्हणून लिहिते. आबा, कडक उन्हात पाणी कमी पडलं की लघवी पिवळीधमक होते आणि जळजळते, ती उन्हाळी पाण्याने जाते. तीन दिवस शहाळी पिऊनही जात नाही, थेंबथेंब होते, तेव्हा जंतुसंसर्ग धरून चालायचं. बहुतेक वेळा ई. कोलाय, म्हणजे आपल्याच आतड्यातला जंतू. बायकांचा मूत्रमार्ग आखूड, त्यामुळे तो पटकन मूत्राशयापर्यंत चढतो. चुन्याला तो घाबरत नाही.

बोंडू, रानजाईंच्या तीन प्रश्नांची उत्तरं अजून आली नाहीत.

बोंडू
साखर आहे, गोळ्या चालू आहेत. काल दिरांच्या मागच्या उरलेल्या नॉरफ्लॉक्सासिनच्या (अँटिबायोटिक) दोन गोळ्या दिल्या. रात्री थोडी हुडहुडी भरली होती, पण बागेतून दमून आल्या म्हणून असेल. सकाळी चहा उलटला. आंब्याचा सीझन आहे, दिवसभर पेट्या भरायला बसतात. तिथे सोय नाही, म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत.

रानजाई
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना!!

सिस्टर मंडणगड
लॅब विसरा. कमरेच्या वर, बरगडीखाली एका बाजूला दुखतंय का विचारा. नाही म्हणाल्या तरी निघा. हुडहुडी, उलटी, वर साखर, म्हणजे संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. असंबद्ध बोलायला लागल्या किंवा लघवीच झाली नाही, तर 108 लावा. दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात रविवारी ओपीडी नसली तरी तातडीचा विभाग असतो. साखरेच्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी साखर लघवीतून बाहेर टाकते, ती चालू असेल तर डॉक्टरांना कळायला हवं. दिरांच्या गोळ्यांची पट्टीही दाखवा.

एसटीप्रेमी
सरकारीत कशाला? सरळ खाजगीत न्या. आमच्या मामांना एका सरकारी ठिकाणी तीन तास बाकावर बसवलं होतं.

सिस्टर मंडणगड
बसवलं असेल, नाही म्हणत नाही. पण जवळ जे उघडं आहे तिथे आधी जायचं. आणि 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत.

कल्चरबद्दल: अँटिबायोटिकच्या आधी नमुना द्यायचा असतो. दोन गोळ्या पोटात गेल्यात, जंतू उगवलाच नाही असाही रिपोर्ट येऊ शकतो. तरी द्या. आधी स्वच्छ धुवायचं, पहिली धार सोडायची, मधली लॅबच्या डबीत धरायची. घरातली बरणी नको. दोन तासांत पोचवा, नाहीतर डबी फ्रिजमध्ये. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतात, मग रिपोर्ट बघून बदलतात.

आबा खाडीवाले
आमच्या आईने 91 व्या वर्षापर्यंत अँटिबायोटिक पाहिलं नाही.

मुंबईचा चाकरमानी
अवांतर: पेट्या भरताय म्हणजे हापूस शिल्लक आहे का? चार डझन हवे होते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

रानजाई
अहो, वेळ काय, बोलताय काय!

पानफुटी
सायट्रेटचं सरबत मिळतं मेडिकलमध्ये, जळजळ थांबते.

सिस्टर मंडणगड
जळजळ थांबते, जंतू मरत नाही. बरं वाटलं म्हणून लोक घरी बसतात, तिथेच घोळ होतो.

बोंडू (रविवार, रा. 9:15)
दापोलीला ॲडमिट केलं. उजव्या बाजूला दुखत होतं, तीन दिवस बोलल्याच नाहीत, पेट्या थांबतील म्हणून. ताप 102 निघाला. सलाइन आणि इंजेक्शन चालू आहे. रक्त, लघवी घेतली, कल्चर बुधवारपर्यंत. सोनोग्राफी उद्या. पानफुटी, खडा निघाला तर कळवते.

रानजाई
दिरांच्या गोळ्यांचं सांगितलंत का डॉक्टरांना?

बोंडू
सांगितलं. ओरडले. आईंना नाही, मला.