चौसष्टचा हॅट रोल वरातीच्या बीटमध्ये नकोच

झाडीपट्टीकर : राजेहो, वरातीसाठी बनवलेल्या १४० टेम्पोच्या (मिनिटाला १४० ठोके) ट्रॅप बीटवर प्रत्येक बारच्या (चार ठोक्यांच्या आवर्तनाच्या) शेवटी हाय-हॅटचा, म्हणजे ड्रमसेटच्या छोट्या झांजांचा, १/६४ चा रोल (बारचे ६४ भाग करून सलग ठोके) ठोकायची साथच आली आहे. हेडफोनात गोड, गावच्या चौकात नुसती फसफस. १४० ला १/३२ चं अंतर साडेत्रेपन्न मिलिसेकंद, १/६४ चं जेमतेम २७. मे महिन्यात ४० अंशांवर आवाज सेकंदाला साधारण ३५५ मीटर जातो. दोन डब्यांत (स्पीकरांत) १० मीटर असले की एकाजवळ उभ्या माणसाला दुसऱ्याचा ठोका २८ मिलिसेकंद उशिरा. प्रत्येक ठोक्यावर आधीचा बसतो. १/३२ वर थांबा.

वऱ्हाडी कान : मंग हे तर जुळलंच न भाऊ! २७ अन् २८, ठोक्यावर ठोका. बिघडते ते ५ मीटरले, तिथं उशीर १४ चा, बरोबर मधात पडते. अन् १० मीटरवर १/३२ च्याही मधात पडते, म्हणजे चौसष्टच ऐकू येते. मंग तुमची बत्तिशी वाचली कुठं?

खरा दोष सॅम्पलच्या (रेकॉर्ड केलेल्या ठोक्याच्या) शेपटीत हाय. बंद हॅट (झांजा मिटून वाजवलेली) ६०-७० मिलिसेकंद वाजत राह्यली तर पुढचे दोन ठोके तिच्याखाली दबतात. डिके (आवाज विरायचा वेळ) २० मिलिसेकंदावर आणा, चॅनलले स्वतःलेच कट करायला लावा, म्हणजे नवा ठोका आला की जुना बंद. कापताना टिचकी ऐकू आली तर २ मिलिसेकंदाचा रिलीज द्या, म्हणजे आवाज एकदम न तुटता विरते. एफएल स्टुडिओत (बीट बनवायचं सॉफ्टवेअर) अर्ध्या बीटची एकच नोट काढा, ऑल्ट-यू नं आठ तुकडे करा, खालच्या पट्टीत व्हेलॉसिटी (ठोक्याचा जोर) ४० पासून १०० पर्यंत चढवा. आठही १०० वर ठेवले तर शिलाई मशीन.

पेनड्राइव्ह : डब्यांवर भांडून राह्यले, फाइल कोणी पाहिली? १२८ केबीपीएसच्या एमपी३ ची एक फ्रेम (एकदम दाबला जाणारा आवाजाचा तुकडा) ११५२ सॅम्पलची, ४४.१ किलोहर्ट्झला २६ मिलिसेकंद. ठोक्याची खरखर ठोक्याच्या आधीच पसरते. ३२० ची एमपी३ किंवा सरळ वेव्ह (न दाबलेली फाइल) द्या.

झाडीपट्टीकर : १० मीटरचं मान्य, उदाहरण चुकलं. पण वरात चालती असते, अंतर पावलागणिक बदलतं. १/३२ च्या मध्ये ठोका घुसला तरी रोल रोलच राहतो. १/६४ च्या मध्ये घुसला की सेकंदाला ७० च्या वर ठोके. त्याला ताल नाही, भुंग्याची गुणगुण म्हणतात. शिवाय आधीचा ठोका पुढच्यावर चढला की तुमचा ४० ते १०० चा चढ सपाट. त्यापेक्षा १/१६ ट्रिप्लेट (दोन ठोक्यांच्या जागेत तीन) घ्या, अंतर ७१ मिलिसेकंद. धुमालचा (वरातीच्या ढोल-बँडचा) ऑक्टापॅडवाला तो हातानंही वाजवेल.

वऱ्हाडी कान : हातानंच वाजवाचं तर मशीन काऊन? १९८० च्या टीआर-८०८ या ड्रम मशीनची हॅट सहा ऑसिलेटरमधून (सूर काढणाऱ्या सर्किटांतून) निघे. ते सतत चालू, म्हणून कोणताच ठोका हुबेहूब नाई. आपण एकच सॅम्पल आठदा चिकटवतो अन् दोष देतो चौसष्टले. तीन सॅम्पल आळीपाळीनं लावा. बाकी दर बारले रोल नको, हे खरं. आठ बारांतून एकदा, अन् त्या वेळी किक (मोठ्या ड्रमचा ठोका) बंद.