'ताब्यात घेतले', 'अटक', 'स्थानबद्ध': बातमीत कुठला शब्द बरोबर?

म्हापशाहून: हवामानबदलाविरुद्धचा मोर्चा पणजीत आझाद मैदानाबाहेर अडवला की एक दैनिक 'आंदोलक स्थानबद्ध' छापतं, दुसरं 'अटक', तिसरं 'ताब्यात'. तिन्ही चालतात का?

फोंड्याहून: 'स्थानबद्ध' साफ चूक. स्थानबद्धता म्हणजे खटला न चालवता कोंडून ठेवणं; ती राष्ट्रीय सुरक्षा कायद्यासारख्या कायद्यांखाली होते. राज्यघटनेच्या कलम २२ प्रमाणे ती सल्लागार मंडळाच्या अभिप्रायाशिवाय तीन महिन्यांपर्यंत चालू शकते आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करण्याचा नियम तिला लागत नाही. मोर्चातून उचलतात ते बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७० खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १५१. ती प्रतिबंधात्मक, म्हणजे गुन्हा होण्याआधीच आळा घालण्यासाठी, असली तरी अटकच. मुदत २४ तास. पुढे ठेवायचं तर दुसरा कायदेशीर आधार हवा.

डिचोलीहून: आणि 'ताब्यात'?

फोंड्याहून: तो सगळ्यांच्याच सोयीचा शब्द. गाडीत घालून ठाण्यावर नेलं, उठून जाऊ देत नाहीत, तर कागदावर काही का असेना, माणूस मोकळा नाही. घोळ होतो तो वेळेचा: सकाळी अकराला उचललं आणि अटकेच्या पत्रकावर संध्याकाळचे सहा लिहिले, तर २४ तासांतले सात तास हवेत विरतात. म्हणून अटक झालेल्याने सही करतानाच शेजारी खरी वेळ स्वतःच्या अक्षरात लिहावी. याच संहितेच्या कलम ३६ प्रमाणे त्या पत्रकावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. अटकेचं कारण सांगणं कलम ४७ खाली सक्तीचं.

म्हापशाहून: पण सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या खटल्यात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये आहे असं म्हटलंय ना? मग आंदोलकाला 'अटक' कशी?

सत्तरीहून: तो निकाल रस्त्यावरच्या आंदोलनाबद्दल नाही. आंदोलनाचा हक्क घटनेच्या कलम १९ मधला, 'शांततेने आणि शस्त्राविना' जमण्याचा. शिवाय जागा बघायची. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला लोक रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाविरुद्ध रात्री रुळांवर बसले, तसं बसलं की रेल्वे कायद्याचं कलम १७४ लागू शकतं: दोन वर्षांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेच फलक स्थानकाबाहेरच्या रस्त्याकडेला धरले तर हे कलम येत नाही.

डिचोलीहून: मग बातमीत 'कलम १७० खाली प्रतिबंधात्मक अटक' लिहावं आणि कलम माहीत नसेल तर 'पोलिसांनी ठाण्यावर नेले'. उचलल्याची वेळ मात्र छापावीच.