नखं खाणं: मनगटातला दोरा का उपयोगी पडत नाही?

वाचताना, फोनवर बोलताना नकळत बोट तोंडात जातं. आठवणीसाठी मनगटात दोरा बांधलाय, पण आता तो दिसूनही दिसत नाही. काय करावं?

प्रतिसाद १
डोळे दोऱ्याला सरावतात. आठवण बोटावरच हवी. अंगठा आणि तर्जनीच्या टोकाला दवाखान्यात वापरतात ती कागदी चिकटपट्टी गुंडाळा. ओठांना लागताच हात थबकतो. ओली झाली की बदला, नाहीतर कातडी पांढरी पडून सोलवटते. नखाच्या कडेला सूज किंवा पू असेल तर पट्टी नकोच, आधी डॉक्टर.

प्रतिसाद २
नुसतं थबकून भागत नाही, हाताला पर्यायी काम लागतं. अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांच्या सवय मोडण्याच्या १९७३ च्या पद्धतीतलं मर्म हेच. मूठ आवळून मिनिटभर धरा. आणि खिशात नेल फाइल ठेवा राव! खरबरीत कड राहिली की बोट हमखास तिकडेच वळतं.

प्रतिसाद ३
सवय २१ दिवसांत बदलते असं म्हणतात, ते गणित सोडा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या, नव्या सवयींवरच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या काळाचा मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस निघाला. पल्ला १८ ते २५४ दिवस. पट्टी काढताना आधी डाव्या हाताची काढा, फोन आणि वाचनाच्या वेळी उजवीकडची राहू द्या.