स्लीव्हनंतर वजन परत वाढलं, तर सरसकट मिनी बायपास का?

(एका मंचावरचा धागा. प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

आडवा छेद

स्लीव्ह (वजन उतरवण्यासाठी जठर कापून अरुंद करण्याचं ऑपरेशन) होऊन सहा-सात वर्षं झालेला माणूस वजन परत चढलं म्हणून पुण्यातल्या एखाद्या ओपीडीत जातो आणि दहा मिनिटांत ‘मिनी बायपास करून टाकू’ असं ठरून मोकळं होतं. मिनी बायपास म्हणजे जठराची लांब नळी करून तिचं खालचं टोक थेट पुढच्या आतड्याला जोडणं. माझा याला विरोध आहे. पहिलं ऑपरेशन नेमकं कुठे फसलं हे चित्रात दाखवल्याशिवाय दुसरं ठरवू नये. आणि छातीत जळजळ, रात्री आंबट पाणी घशात येणं असं काही असेल तर मिनी बायपासचं नावच काढू नये.

स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, उरते केळ्यासारखी नळी. ती कधी वरच्या डाव्या कोपऱ्यात फुगते, कारण तिथला भाग पहिल्या वेळी पुरता काढलेला नसतो. कधी मधल्या वळणावर अरुंद होते किंवा पीळ खाते. मग घन अन्न अडकतं आणि माणूस नकळत मऊ, गोड, पातळ खाण्याकडे वळतो. कधी नळीचं वरचं टोक छाती-पोटामधल्या पडद्यातून छातीत सरकतं. आणि कधी नळी अगदी ठाकठीक असते, वजन मात्र वाढलेलं! मस्तानी कितीही अरुंद नळीतून सुखेनैव उतरते, तिला कोण अडवणार?

म्हणून आधी एंडोस्कोपी आणि बेरियमचा एक्स-रे, दोन्ही. बेरियम उभ्याने पाजून भागत नाही, आडवं झोपवूनही बघायला हवं. झोपल्यावर पांढरा पट्टा वर चढतो का ते तिथेच कळतं. एंडोस्कोपीच्या रिपोर्टात नुसतं ‘सौम्य सूज’ न लिहिता लॉस एंजेलिस ग्रेड (अन्ननलिका किती भाजलीय याची ए ते डी प्रतवारी) लिहून घ्या. ग्रेड सी किंवा डी असेल, किंवा बॅरेट म्हणजे अन्ननलिकेचं अस्तर बदललेलं असेल, तर रू-एन-वाय बायपास. त्यात ३० मिलिच्या आसपासची छोटी पिशवी ठेवतात आणि पित्त येतं ते अन्नाच्या १०० ते १५० सेंमी वाटेपलीकडे. मिनी बायपासमध्ये पित्ताचा प्रवाह थेट त्या लांब नळीच्या तोंडाशी येऊन मिळतो. आधीच भाजलेल्या अन्ननलिकेखाली पित्त आणून ठेवायचं, यात कसलं शहाणपण?

मोजपट्टी

जळजळीच्या रुग्णाबद्दल वाद नाही. पण तुम्ही शीर्षकात ‘सरसकट’ लिहून सगळ्यांनाच त्या रांगेत उभं केलंत. जळजळ नाही, पडदा घट्ट आहे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४२ आणि मधुमेह परत आलाय, अशा माणसाला रू-एन-वाय दिलं तर वजनाच्या बाबतीत पदरी थोडंच पडतं. स्लीव्हवरून नुसत्या वजनासाठी रू-एन-वाय केल्यावर निराशा होते, हे या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा.

मिनी बायपासला एकच जोड, रू-एन-वायला दोन. पोटात जुन्या ऑपरेशनचे चिकटे असतात, यकृताची कड नळीला चिकटलेली असते, आणि जुन्या स्टेपलच्या रेषेजवळ जठराची भिंत जाड झालेली असते. तिथे नवा स्टेपल मारताना जाड भिंतीसाठीचं काडतूस (स्टेपलरमध्ये भरायचा पिनांचा संच) लागतं, नाहीतर टाका पुरता बसत नाही आणि गळती होते. अशा पोटात जोड एक की दोन, याने फरक पडतो. शिवाय नळी तयारच आहे, फक्त खाली कापायची आणि आतड्याला जोडायची.

मिनीची बदनामी झाली ती वगळलेल्या आतड्याच्या लांबीमुळे. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या योमेगा या फ्रेंच चाचणीत बीपी लिम्ब (म्हणजे ज्यातून फक्त पित्त आणि स्वादुपिंडाचा रस वाहतो, अन्न जात नाही तो आतड्याचा भाग) २०० सेंमी ठेवला होता. दोन वर्षांनी वजन रू-एन-वायइतकंच उतरलं, पण जुलाब आणि पोषणाच्या तक्रारी जास्त. त्यातून धडा असा, की १५०च्या आसपास थांबा आणि पुढे किती आतडं उरतं ते मोजा. कुणाचं लहान आतडं चार मीटर भरतं, कुणाचं आठ. न मोजता २०० सेंमी वगळायचे म्हणजे चार मीटरवाल्याचं निम्मं आतडं बाद. खुणा केलेल्या पकडीने, आतडं न ताणता, दहा-दहा सेंमी करत शेवटपर्यंत मोजायचं आणि खाली किमान तीन मीटर उरलंय ना हे बघायचं. यात ऑपरेशनची पंधरा-वीस मिनिटं वाढतात. ज्या सर्जनला तेवढा वेळ नाही, त्याच्याकडून काहीच करून घेऊ नये.

साडी-एस या पर्यायाचं नाव कुणी काढलं नाही. त्यात नळीला हातच लावत नाहीत. ड्युओडेनम (जठरालगतचा लहान आतड्याचा पहिला भाग) कापून २५० ते ३०० सेंमी उरेल अशा ठिकाणी आतड्याला जोडतात. वजन उत्तम उतरतं. जळजळ मात्र तशीच राहते आणि पोषणाची जबाबदारी दुप्पट.

वरणाची वाटी

तुम्ही दोघं सेंटिमीटरवर भांडताय, मी ताटाकडे बघते. वगळलेलं आतडं आयुष्यभर वगळलेलंच राहतं आणि तेवढंच आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत. घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅम, मटकीच्या उसळीत त्याच्या आसपास, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या जवळपास. आता शाकाहारी घरात, एका वेळी जेमतेम एक वाटी जाणाऱ्या पोटात, हा आकडा गाठून दाखवा. त्यात चतुर्थी, एकादशी, श्रावण. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, दाण्याच्या कुटाचं काय असेल ते प्रोटीन.

कॅल्शियम सायट्रेटच घ्यायचं, कार्बोनेट नाही, कारण कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं आणि ते आता पुरेसं नसतं. दिवसाला १२०० ते १५०० मिग्रॅ, एकदम नाही, ५००-५००चे भाग करून. लोहाची गोळी त्याच्यापासून दोन तास लांब, आणि चहापासूनही. ही दोन तासांची अट तर पहिल्या महिन्यातच मोडते. सकाळी चहाबरोबर सगळ्या गोळ्या एकदम गिळून लोक ऑफिसला पळतात, मग फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) का घसरलं म्हणून विचारतात.

मिश्रीबद्दल कुणी विचारतच नाही. सिगारेट ओढता का, तर नाही. मिश्री लावता का, असं वेगळं विचारलं की मान हलते. तंबाखू आणि अंगदुखीच्या गोळ्या (डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन) यांनी बायपासच्या जोडावर अल्सर होतो, मग तो मिनी असो की रू-एन-वाय. जो दर वर्षी फेरिटिन, बी१२, डी, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) तपासायला येणार नाही, त्याला यातलं एकही ऑपरेशन देऊ नये. माझं मत कडक वाटेल, पण ते मागे घेणार नाही.

सुईवाला

मग ऑपरेशन हवंच कशाला? नळी शाबूत आहे आणि भूक परत आलीय, अशा वेळी आधी औषध. २०२३ मध्ये आलेल्या बारी-ऑप्टिमाइज चाचणीत ऑपरेशननंतर वजन पुरेसं न उतरलेल्यांना लिराग्लुटाइड (भूक कमी करणारी सुई) ३ मिग्रॅ रोज दिलं. २४ आठवड्यांत वजन सुमारे ९ टक्के उतरलं, नुसत्या खोट्या सुईवर अर्धा टक्का. त्याच धाटणीचं तिर्झेपाटाइड तर मार्च २०२५पासून भारतात मिळतंय आणि ते लिराग्लुटाइडहून जास्त वजन उतरवतं. सहा महिने देऊन बघा. नाही जमलं तर थांबवता येतं. मारलेला स्टेपल मागे घेता येत नाही.

आडवा छेद

@सुईवाला, नळी शाबूत असेल तर मीही आधी तेच म्हणेन. पण छातीत सरकलेली नळी सुईने खाली येत नाही. उलट ही औषधं जठर रिकामं व्हायचा वेग मंदावतात, म्हणजे जळजळवाल्याचे हाल वाढतात. आणि पुढे ऑपरेशन किंवा एंडोस्कोपी ठरलीच, तर सुई चालू आहे हे भूलतज्ज्ञाला आधी सांगा. बारा तास उपाशी असूनही पोटात अन्न उरलेलं असू शकतं.

फाइल नंबर

सुई आधी की चाकू आधी हे ठरवण्यापूर्वी विम्याचं कलम वाचा. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अपवादांत लठ्ठपणाचं कलम आहे, एक्स्क्ल ०६. त्याच्या अटी पूर्ण केल्या तरच खर्च मिळतो: बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर ३५ किंवा त्याहून जास्त आणि सोबत गंभीर आजार: नियंत्रणात नसलेला टाइप २ मधुमेह, तीव्र स्लीप ॲप्निया, हृदयविकार वगैरे. शिवाय ३५च्या अटीत कमी त्रासाचे उपाय करून ते फसलेले असले पाहिजेत. म्हणजे सुईने बीएमआय ३६वरून ३३ला आला, की त्या कलमाखाली तुम्ही बसत नाही. सुईचा उपयोग झाला नाही, तर तीच बिलं ‘उपाय करून पाहिला’ याचा पुरावा. तेव्हा पहिल्या दिवसाचं वजन, उंची आणि तारीख डॉक्टरच्या लेटरहेडवर हवी.

ऑपरेशनचं कारण नळी पडद्यातून वर सरकणं आणि ग्रेड सी जळजळ हे असेल तर दाव्याच्या पत्रात तेच लिहा, ‘वजन कमी करणे’ नव्हे. खरं कारण तेच असताना चुकीच्या शब्दामुळे फाइल परत येते. अर्थात, कारण नसताना ते चिकटवू नका. एंडोस्कोपीची चित्रं मागवली जातात.

आणखी एक. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, ऑपरेशन नोट लागते: कुठली नळी आत ठेवून कापलं (३६ फ्रेंच की ४०; फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप), पडदा शिवला का, रक्तस्राव किंवा गळती झाली का. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार डॉक्टरने नोंदी तीन वर्षं ठेवायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. सात वर्षांनी मागायला गेलात तर कपाट रिकामं सापडेल. ज्यांची स्लीव्ह यंदा झालीय त्यांनी नोट आजच मागून घ्या.

मोजपट्टी

@वरणाची वाटी ताई, गोळ्यांचं शंभर टक्के मान्य. तरी ‘तपासायला येणार नाही त्याला देऊ नये’ हे ओपीडीच्या टेबलावर ओळखायचं कसं? स्लीव्हनंतरच्या वर्षांत किती वेळा रक्त तपासलं ते विचारा, एवढीच एक कसोटी मला सुचते.

वरणाची वाटी

तीच विचारते. आणि जुने रिपोर्ट घेऊन या म्हणते. पिशवी घेऊन आला तर पुढे बोलू.

आडवा छेद

एक गोष्ट धाग्यात सुटली, ती सोलापूर-साताऱ्याहून पुण्याला ऑपरेशनला येणाऱ्यांसाठी. दोन्ही बायपासमध्ये आतड्याची जागा बदलल्याने मागे फट तयार होते. रू-एन-वायमध्ये ती शिवतात, मिनीत बरेच जण उघडी ठेवतात. वजन उतरलं की आतड्याच्या पडद्यातली चरबी आटते आणि फट मोठी होते. मग एक-दोन वर्षांनी जेवणानंतर पोटात कळ, पाठीत जाते, थांबते, परत येते. गावात सोनोग्राफी नॉर्मल, ‘गॅस आहे’ म्हणून सुई. आत आतडं पिळलेलं असतं. सोनोग्राफीवर विसंबू नका, सीटी स्कॅन मागा. सीटीही साफ आली आणि कळ थांबत नसेल, तर दुर्बीण घालून बघणाऱ्या सर्जनकडे हलवा, भले अडीचशे किलोमीटर असो.

दुसरं: सतत उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिनचं (बी१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन. उलट क्रमाने दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते, तोल जातो, डोळे फिरतात. कॅज्युअल्टीतल्या मुलाला रात्री दोनला हे आठवेलच असं नाही. एका चिठ्ठीवर मराठीत आणि इंग्रजीत ‘बायपास झालेला आहे, आधी थायमिन’ लिहा आणि आधार कार्डाच्या मागे प्लास्टिकच्या पाकिटात सरकवून ठेवा.